दुसऱ्या धावपट्टीला तिसऱ्या मजल्याचा विरोध

२ जानेवारी, सकाळ
नवीन वर्ष, नवीन डायरी. हिच्यात फक्त महत्त्वाचं लिहायचं असा संकल्प. काल महत्त्वाचं काही घडलं नाही, म्हणून काल लिहिलं नाही.

आज घडलं. पेपरात पहिल्या पानावर बातमी: विमानतळाचा विस्तार होणार, दुसरी धावपट्टी बांधणार. नकाशा छापलाय. भिंग घेऊन पाहिला. नवी धावपट्टी संपते तिथून सरळ रेघ ओढली तर ती आमच्या बिल्डिंगच्या डोक्यावरून जाते. खाली बारीक अक्षरात लिहिलंय की मार्गातल्या इमारतींची उंची कमी करण्यात येईल आणि बाधितांना दुसरीकडे घर मिळेल. म्हणजे आमच्या बिल्डिंगचा वरचा मजला जाणार. म्हणजे तिसरा. म्हणजे आमचा.

हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, दुसरं घर तळमजल्यावर देतात का ते बघा. हिला मुद्दाच कळला नाही.

कडाडून विरोध करायचा. मला अनुभव आहे. आठ वर्षांपूर्वी आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट बसवायचं घाटत होतं, ते मी एकट्याने हाणून पाडलं. लिफ्ट तपासणी खात्यातून निवृत्त झालेला माणूस मी. लिफ्टच्या पोटात काय काय असतं ते मला विचारा. प्रत्येक मीटिंगमध्ये मी इतके आक्षेप काढले की शेवटी लिफ्टवाल्या कंपनीनेच हात जोडले. ज्याने लिफ्ट अडवली त्याला विमान अडवायला कितीसा वेळ लागणार.

संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला उठणे.

३ जानेवारी
साडेआठला उठलो. पाचचा संकल्प उन्हाळ्यापर्यंत पुढे ढकलला आहे. आंदोलनं लांबतात. नेत्याने आधीच दमून चालत नाही.

'दुसरी धावपट्टी हटाव कृती समिती' स्थापन केली. अध्यक्ष मी. चिटणीसही मीच. खजिनदाराची जागा रिकामी ठेवली आहे, नाहीतर लोक उगीच संशय घेतात.

सभासद-नोंदणीला सुरुवात. आमच्या तळमजल्यावर टेलर मास्तरांचं दुकान आहे. त्यांना सगळं समजावून सांगितलं. ते एका गिऱ्हाइकाच्या पॅन्टला टाचण्या लावत होते आणि उरलेल्या टाचण्या तोंडात होत्या, त्यामुळे बोलले नाहीत. पण मान हलवली. पहिला सभासद. गिऱ्हाईक अजिबात हललं नाही, पण पॅन्ट बघता ते समजण्यासारखं आहे.

७ जानेवारी, संध्याकाळ
गच्चीवर पहिली जाहीर सभा. उपस्थिती उत्साहवर्धक: मी, मास्तर आणि माझा मेहुणा. मास्तर वाळत घातलेले कपडे काढायला आले होते, त्यांना थांबवून घेतलं. मेहुणा विमानतळावरच सामान-विभागात सुपरवायझर आहे, म्हणजे शत्रूच्या गोटातला. पण पडला हिचा धाकटा भाऊ, हाकलता येत नाही. केक केलाय म्हणून हिने त्याला बोलावलं होतं.

भाषण उत्तम. विमानं जात होती, तेवढ्यापुरता थांबत होतो.

पुढे कोणी माझं चरित्र लिहायला घेतलं तर त्याच्यासाठी एक नोंद. आमच्या वस्तीत विमान डोक्यावर आलं की बोलणारा माणूस आहे त्या शब्दावर थांबतो आणि एक हात वर करतो. विमान गेलं की हात खाली, आणि पुढच्या शब्दापासून गाडी सुरू. ऐकणाराही गप्प राहून वाट बघतो. मधे तोंड घालायचं नाही, हा इथला नियम. नवरा-बायकोच्या भांडणातसुद्धा पाळतात. बाहेरचे पाहुणे हसतात. हसू देत. शिस्त ती शिस्त.

सभा संपल्यावर मेहुणा म्हणाला, भाऊजी, दुसरी धावपट्टी झाली तर माझं प्रमोशन पक्कं आहे हो. मी त्याला सांगितलं, अशा वेळी माणसाने स्वतःचा स्वार्थ बाजूला ठेवावा, इथे माझ्या घराचा प्रश्न आहे. तो केक खात राहिला.

११ जानेवारी
पहिल्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे. मोठा माणूस, समितीला वजन येईल. नंबर लावल्याशिवाय भेटत नाहीत म्हणून दाढ दुखतेय असं खोटंच सांगून आत गेलो. खुर्चीत आडवा होऊन मुद्दे मांडायला तोंड उघडलं, तर त्यांनी त्यात आरसा घातला. म्हणाले, दाढ पूर्ण किडली आहे, काढावी लागेल. काढली.

माझ्या तोंडात कापूस असताना त्यांनी आपली बाजू मांडली. म्हणाले, तुमचा मजला उतरला तर खालच्या भिंतींवरचा भार कमी होईल. शिवाय राहिलेल्या मजल्यांना विमानतळवाले फुकट डबल काचेच्या खिडक्या लावून देणार आहेत. मी मुद्देसूद उत्तर दिलं, पण ते कापसातून बाहेर आलं नाही.

तरी डॉक्टर मनातून आमच्याच बाजूने आहेत. जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता.

१६ जानेवारी
फलक तयार. विमानातून दिसेल असा. हिची पांढरी मोठी चादर घेतली आणि तिच्यावर लाल रंगाने प्रचंड अक्षरांत 'परत जा' लिहिलं. गच्चीवर आकाशाकडे तोंड करून पसरली, कोपऱ्यांवर कुंड्या ठेवल्या. रंग ओला असताना मीच त्यावरून चाललो, त्यामुळे 'जा'च्या काठीला थोडी बोटं फुटली आहेत. वरून कळणार नाही.

हिने विचारलं, उतरायला आलेल्या माणसाने हवेतून परत कुठे जायचं? मुद्दा फारच बारीक होता. दुर्लक्ष केलं. मग हिने चादरीबद्दल विचारलं. त्याकडेही करावं लागलं.

१७ जानेवारी
वारा. कुंड्या कलंडल्या आणि चादर उडाली. शोधत होतो. ती खाली मास्तरांच्या दुकानाच्या पाटीवर जाऊन अडकली होती, तोंड रस्त्याकडे. मास्तर आत मशीनवर बसलेले, त्यांना पत्ता नाही. सकाळपासून गिऱ्हाइकं दारापर्यंत येत होती, 'परत जा' वाचत होती आणि परत जात होती.

संध्याकाळी मास्तर भेटले. तोंडात टाचण्या नव्हत्या. इतकं बोलू शकतात हे माहीत नव्हतं.

समितीत तात्पुरते मतभेद. मोठ्या चळवळींत होतातच.

२१ जानेवारी
साखळी उपोषण. भरपेट नाश्ता करून जिन्यात बसलो. साखळी उपोषणात एकाने उठायचं आणि दुसऱ्याने बसायचं असतं. दुसरा मिळेना. मास्तर बोलत नाहीत. मेहुण्याला शुगर आहे, त्याला उपाशी राहून चालत नाही (केक चालतो). एकाच कडीची साखळी किती ताणणार.

दुपारी ही म्हणाली, सूप केलंय. सूप म्हणजे काही जेवण नव्हे, गरम पाणीच की. विचार केला. तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं. सुपाबरोबर ब्रेड होता, पण तो सुपात बुडवल्यावर ब्रेड राहत नाही. त्यानंतर भात कशात बुडवला ते इथे लिहीत नाही.

उपोषण दुपारी यशस्वीरीत्या समाप्त.

२८ जानेवारी
रणशिंग फुंकलं गेलं. विमानतळाच्या विस्तारावर जाहीर सुनावणी आहे, पुढच्या महिन्यात, शहराच्या मध्यभागी मोठ्या सभागृहात. नाव नोंदवलेल्या प्रत्येक नागरिकाला थोडा वेळ बोलता येईल. त्यानंतर सुनावणी-समितीच्या अध्यक्षबाई आपला अभिप्राय वर पाठवणार. म्हणजे माझा मजला राहणार की जाणार ते तिथेच ठरणार.

नाव नोंदवलं. ही विचारत होती, नाव कुठे नोंदवतात, कोणालाही नोंदवता येतं का. हिला आता विषयात रस येऊ लागलाय. कौतुकाने सगळी माहिती दिली.

भाषणाचा आराखडा लिफ्टच्या तत्त्वावर केला आहे. आधी माणसाला अलगद वर न्यायचं आणि मग दोर सोडून द्यायचा. पहिल्या भागात विमानतळाची तोंड फाटेस्तोवर स्तुती. समोरचे गाफील. मग एकच शब्द: 'परंतु'. तिथून पुढे असा हल्ला चढवायचा की अध्यक्षबाईंनी पाण्याचा ग्लास शोधला पाहिजे.

४ फेब्रुवारी
रोज सकाळी गच्चीवर सराव. चमत्कार असा की स्तुती संपते नेमक्या त्याच जागी सकाळचं मोठं, लाल शेपटीचं विमान येतं. हात वर. थांबतो. विमान जातं. हात खाली, आणि मग 'परंतु'. माझ्याच अंगावर काटा येतो. शत्रू स्वतःच माझ्या भाषणाला ताल देतोय आणि त्याला कल्पना नाही.

आज हिला ऐकायला वर बोलावलं. ही म्हणाली, गच्चीचा जिना नको, गुडघे फार दुखतात, आणि स्वयंपाकघरात सगळं ऐकू येतं, मला पाठ झालंय. मी सांगितलं, गुडघ्यांना व्यायाम कमी पडतोय, तू दिवसातून दोनदा खाली-वर करत जा. ही बराच वेळ काही बोलली नाही. विमानही जात नव्हतं.

९ फेब्रुवारी
लाल शेपटीचं विमान आज आलंच नाही. कॉफी थंड झाली तरी गच्चीवर उभा राहिलो. शेवटी आलं, उशिरा. बरं वाटलं.

स्पष्टीकरण: मी रोज सकाळी विमानं बघतो ते शत्रूवर पाळत ठेवण्यासाठी.

तसं इथे वाचायला कोणी नाही, तर लिहून टाकतो. ऑफिस सुटल्यापासून मला कुठे जायचं नसतं. पण सकाळी वर उभं राहिलं की कोणीतरी कुठेतरी निघालंय हे दिसतं, आणि मग आपणही दिवसाला लागतो. हा मजला गेला तर मी सकाळी कुठे उभा राहू, हे मला खरंच कळत नाही. भाषणात हे घालावं का, असा विचार केला. घालण्यासारखं नाही.

१२ फेब्रुवारी, सकाळ
सुनावणीचा दिवस. कोट घातला. पोटावरचं बटण लागत नाही, पण मास्तरांकडे जाण्यासारखे संबंध नाहीत. तरी मास्तर आणि डॉक्टर दोघेही सुनावणीला येणार आहेत. वस्तीतले बरेच जण येणार आहेत. जनता आतून पेटलेली आहे.

हिला सांगितलं, संध्याकाळी पत्रकार येतील, जास्तीचे कप काढून ठेव. ही माझ्या आधी तयार होऊन दाराशी उभी. जिना उतरायला वेळ लागतो म्हणून लवकर निघाली म्हणे.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळ
झालं. डोकं दुखतंय. उद्या लिहीन.

१३ फेब्रुवारी
जे घडलं ते जसंच्या तसं.

सभागृह भव्य होतं. जाड गालिचा, एसी, गुबगुबीत खुर्च्या. बाहेरचा आवाज आत येत नव्हता. इतकी शांतता की कानाला दडे बसल्यासारखं झालं. माझं नाव पुकारलं. स्तुती अप्रतिम झाली. विमानतळ म्हणजे शहराचं प्रवेशद्वार, प्रगतीचे पंख, नव्या धावपट्टीवरून आपली नातवंडं झेप घेतील, वगैरे. अध्यक्षबाई हसून मान डोलवायला लागल्या. मासा गळाला लागला होता.

मग ती जागा आली. माझा हात वर गेला. मी थांबलो.

विमान आलं नाही. येणार कुठून, विमानतळ शहराच्या पार टोकाला. पण ते आलंच नाही, तर गेलं कधी हे कसं कळणार? मी वाट बघत राहिलो.

तेवढ्यात कोणीतरी ओरडायला हवं होतं की अहो, पुढे बोला. आमच्या वस्तीतली माणसं खच्चून भरली होती. पण माझा हात वर पाहिला आणि सगळे शिस्तीत गप्प झाले. डॉक्टर शेजाऱ्याशी कुजबुजत होते, तेही मधेच थांबले. मास्तरांनी खोकला आला होता तो तोंडावर रुमाल धरून दाबून ठेवला. सगळे छताकडे बघत, विमान जायची वाट बघत बसलेले. मधे तोंड कोणी घातलं नाही.

अध्यक्षबाईंना वाटलं, मी हात करून निरोप घेतोय. त्यांनी माझे आभार मानले. टाळ्या झाल्या. टाळ्यांनी मी भानावर आलो आणि 'परंतु' म्हणालो, पण माइक पुढच्या वक्त्याकडे गेला होता.

पुढचा वक्ता म्हणजे ही.

ही म्हणाली, आमचे हे बोलले त्यात सगळं आलं, मला वेगळं काही सांगायचं नाही. धावपट्टी होऊ दे, तिसरा मजला जाऊ दे. बिल्डिंगला लिफ्ट नाही, ती का नाही ते आता उगाळत नाही. माझे गुडघे गेलेत. एकदा वर चढून आले की पुन्हा खाली उतरायचं धैर्य होत नाही, आठवडा आठवडा मी रस्ता खिडकीतूनच बघते. आम्हाला फक्त तळमजला द्या. एवढं बोलून ही बसली. हिला माझ्यापेक्षा जास्त टाळ्या. मी पुन्हा 'परंतु' म्हणालो. शेजारच्या बाईंनी मला गप्प केलं.

घरी येताना विचारलं, हे काय केलंस? ही म्हणाली, मी आधी वाट बघितली ना, तुम्ही पुढे काही बोलताय का. तुम्ही काहीच बोलला नाहीत.

१४ फेब्रुवारी
पेपरात माझा फोटो. हात वर केलेला, चेहरा शांत. खाली लिहिलंय: 'शहरासाठी स्वतःचं घर देणारे दांपत्य'. सगळे रहिवासी विस्ताराच्या बाजूने आहेत, असंही लिहिलंय.

खुलासा पाठवणार होतो. मसुदाही केला. पण फोटो चांगला आलाय. बटण दिसत नाही. पेपरवाल्याकडून आणखी प्रती आणल्या. खुलासा सवडीने पाठवता येईल.

२७ फेब्रुवारी
विमानतळवाल्यांनी सत्काराला बोलावलं. बराच विचार करून जायचं ठरवलं. शत्रूच्या व्यासपीठावर उभं राहून शत्रूवर घाव घालायचा, ही संधी पुन्हा येणार नाही. 'परंतु'पासून पुढचं सगळं भाषण खिशात.

बोलायला सांगितलं नाही. फुलं दिली आणि स्टँडवर बसवलेलं एक छोटं विमान दिलं. शेपटी लाल. ते कपाटावर ठेवलंय. युद्धात शत्रूचं हत्यार हाती लागलं की जपून ठेवतात.

मेहुण्याचं प्रमोशन झालं. पेढे नकोत म्हणालो. एकच घेतला.

१० मार्च
पर्यायी घर मिळालं. तळमजला, शहराच्या पलीकडच्या भागात. मी बघायला गेलो नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे. ही दोनदा जाऊन आली. म्हणते, दाराला पायरीसुद्धा नाही. अशा घरात सुरक्षिततेचं काय, असं विचारलं. ही पडद्यांची मापं काढत होती.

समिती अजून अस्तित्वात आहे. सभासदसंख्या तात्पुरती एक.

२ एप्रिल, सकाळ
निर्णायक दिवस. तोडकाम आजपासून.

सामान मेहुण्याने टेम्पोतून नेलं. ही त्याच्याबरोबर गेली. जिना उतरताना प्रत्येक वळणावर टेकत होती, पण मागे वळून एकदाही बघितलं नाही. मी एक खुर्ची मागे ठेवून घेतली आहे. गच्चीवर ठिय्या. मला इथून उचलूनच न्यावं लागेल. फोटोग्राफर कुठे उभा राहील त्याचा अंदाज घेऊन खुर्ची थोडी वळवली.

अकराच्या सुमाराला
हिचा फोन. कोपऱ्यावरच्या दुकानात स्वतः जाऊन दूध आणलं. मग समोरच्या बागेत चक्कर मारली. मग आणखी एक मारली. हिचा आवाज इतका मोकळा होता की आधी वाटलं राँग नंबर. विचारलं, तुम्ही कधी येताय? मी म्हणालो, लढा चालू आहे. ही म्हणाली, बरं, किल्ली शेजारी ठेवते, मी पुन्हा बाहेर निघालेय.

दुपार
पोलीस नाहीत. पत्रकार नाहीत. तोडकामाची माणसं आली, त्यांच्याबरोबर मुकादम. त्याला मी ठणकावून सांगितलं की काहीही झालं तरी मी या खुर्चीवरून हलणार नाही. तो म्हणाला, बसा की काका, आम्हाला काही घाई नाही, आधी त्या बाजूचं काढून घेतो. त्याने त्याच्या थर्मासमधला चहा दिला. साखर जास्त होती. प्यायलो.

त्या बाजूचा कठडा गेला. मग पाण्याची टाकी गेली. मग ते फरश्या उचलत उचलत इकडे आले.

मुकादम म्हणाला, काका, जरा पाय वर घ्या.

घेतले.